इंचकाका आणि समोरच्या भिंतीतली खरूची

गल्लीत त्यांना सगळे इंचकाका म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, ते तिथंच राहिलं. शिवणीत माया, म्हणजे आत दुमडायचं जादा कापड, अर्धा इंच जास्त ठेवायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. "माणूस आज आहे तेवढाच उद्या राहील कशावरून?" असं म्हणायचे. गळ्यातली मोजपट्टी तर झोपतानाच काय ती उतरायची. एकदा ते तसेच दवाखान्यात गेले, तेव्हा रांगेतल्या एका आजींनी त्यांनाच डॉक्टर समजून नाडी बघायला हात पुढे केला होता.

दुकान म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या घराचीच पहिली खोली. खिडकीला टेकून मशीन, मशीनच्या उजव्या हाताला कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्याखिळ्याला टांगलेले खाकी कागदाचे बेत, म्हणजे कापड कापायचे नमुने. कुणाची बाही, कुणाची कॉलर, कुणाचा वाढलेला घेर. खिडकीबाहेर गवताचं मोकळं मैदान, आणि मैदानापलीकडे धान्याच्या गोदामाची उंच भिंत. त्या भिंतीत अगदी छपराखाली दोन विटा निखळून एक कोनाडा झाला होता.

त्या वर्षी थंडी सरता सरता काकांना मैदानावर एक पाखरू दिसलं. पारव्याएवढंच, पण अंगाने सडपातळ. पाठ विटकरी, तिच्यावर काळे ठिपके. डोकं नि शेपूट राखाडी, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. हे पाखरू वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी थांबायचं. पंख फडफडताहेत, शेपटी पंख्यासारखी उघडलेली, आणि डोकं मात्र खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर. सुईत दोरा ओवताना काकांचं असंच व्हायचं, हात थरथरला तरी नजर हलायची नाही. मग ते एकदम दगडासारखं खाली यायचं आणि गवतातून काहीतरी उचलून त्या कोनाड्यात न्यायचं.

"शिक्रा आहे तो," गोदामाचा पहारेकरी म्हणाला. त्याने गोदामाच्या मागे कोंबड्या पाळल्या होत्या, म्हणून असल्या पाखरांवर त्याचा जन्माचा राग.

"शिक्रा नव्हे," काका म्हणाले. "शिक्र्याच्या पंखाचं टोक गोल असतं. याचं टोकदार आहे. कट बघा, कट!"

काकांनी शाळेतल्या बाईंना विचारलं. बाई कोटाच्या बाह्या लांब करायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी येताना शाळेच्या कपाटातलं पाखरांचं पुस्तक घेऊन आल्या. चित्र सापडलं. अगदी तेच! ससाण्याच्या कुळातली छोटी, नाव खरूची. काका इतके खूश झाले, की बाईंच्या बाह्यांची मजुरीच घेतली नाही. पुस्तक त्यांनी मशीनशेजारी उभं करून ठेवलं, चित्र समोर येईल असं. चित्राखाली अर्धं पान मजकूर होता. पण फॅशनच्या पुस्तकातला मजकूर कधी कुठल्या शिंप्याने वाचलाय?

आठवडाभराने दुसरं एक पाखरू आलं. हे थोडं मोठं, सगळंच तपकिरी, शेपटीवर आडव्या काळ्या पट्ट्या. राखाडी डोक्याचं नाव नाही. चित्राशी रंग जुळेना. म्हणजे हे कुणीतरी परकं. आणि त्याने काय करावं? राखाडी पाखरू उंदीर घेऊन आलं, की हे ओरडत त्याच्यावर धावून जाई, हवेतच त्याच्या पायांतला उंदीर हिसकावून घेई आणि सरळ कोनाड्यात शिरे. राखाडी बिचारं रिकाम्या पायांनी तारेवर जाऊन बसे.

काकांचा संताप संताप झाला. "दिवसाढवळ्या दरोडा! घर बळकावलं आणि वर तोंडचा घासही काढतो!"

तेवढ्यात पहारेकऱ्याची कोंबडीची पिल्लं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. अकरांतली पाच उरली. तो तणतणत वर आला, तेव्हा काकांनी न्यायनिवाडा करून टाकला. "माझा राखाडी निर्दोष. पिल्लं नेतो तो तपकिरी. कोनाडा बुजवा, की जाईल तोंड काळं करून."

पहारेकऱ्याने साहेबांची परवानगी काढली. बुधवारी सकाळी दहाला गवंडी येणार असं ठरलं.

बुधवारी आठ वाजता काका बाजारातून आले. काकूंची प्रार्थना नुकतीच झाली होती. त्यांनी दारातच पिशवी ओढून घेतली, लिंबं बघितली, "दगड आणलेत" म्हणाल्या आणि आत गेल्या. काका खिडकीशी बसले. बाहेर तोच प्रकार. तपकिरी आला, उंदीर हिसकावला, कोनाड्यात गेला.

"बघ, बघ! आजचा शेवटचा दरोडा. दहाला गवंडी येतोय."

काकू पदराला हात पुसत आल्या, बघितलं आणि हसल्या. "अहो, आत्ता मी तुमच्या हातातली पिशवी हिसकावली. मग मीही दरोडेखोरच म्हणायची!"

"तुझं वेगळं. तू बायको आहेस."

"मग ती कोण आहे, हे विचारलंत का कुणी?"

काका हसले नाहीत. त्यांनी खिळ्यावरचा कोरा खाकी कागद काढला. राखाडी तारेवरून उठून मैदानावर थांबला, तसा त्यांनी नजरेनेच त्याचा बेत घेतला आणि कात्रीने कापला. टोकदार पंख, लांब शेपटी, आखूड मान. मग तपकिरी क्षणभर बाहेर आली, घिरटी घालून परत आत गेली. तिचाही बेत कापला. दोन्ही कागद एकावर एक ठेवले. कडेला कड बसली. तपकिरीचा फक्त किंचित मोठा, जेमतेम शिवणीएवढा.

"बेत एकच आहे गं," काका हळूच म्हणाले. "नुसतं कापड वेगळं."

काकूंनी चष्मा लावून पुस्तकातला मजकूर मोठ्याने वाचला. "मादी नराहून थोडी मोठी, सर्वांगाने तपकिरी, शेपटीवर आडव्या पट्ट्या. भिंतीतल्या भोकात अंडी घालते. मादी अंडी उबवते, त्या दिवसांत नर तिला अन्न आणून देतो." त्यांनी पुस्तक मिटलं. "चोच देणाऱ्याने चाऱ्याचीही सोय केली होती, आणि तुम्ही त्यांच्या दारात भिंत बांधायला निघालात."

घड्याळात सव्वानऊ झाले होते. काका उठले, चपलाही उलट्यासुलट्या घातल्या. पण पायरीवर थबकले. चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकासमोर 'माझं चुकलं' म्हटलेलं नव्हतं.

"जा," काकू मागून म्हणाल्या. "शब्दाने भोकं पडत नाहीत अंगाला."

भिंतीला शिडी लागलेली होती. गवंडी घमेल्यात सिमेंट कालवत होता.

"थांबा! आत अंडी आहेत. ती तपकिरी त्याची बायको आहे."

पहारेकऱ्याने कमरेवर हात ठेवले. "काका, परवा तर तुम्हीच म्हणालात, दरोडेखोर म्हणून!"

"परवा माझं चुकलं."

"तुमचं?" पहारेकरी गवंड्याकडे वळला. "ऐकलंस? अरे, माझ्या विजारीचा एक पाय आखूड शिवला यांनी. दाखवायला गेलो, तर म्हणाले, तुमचाच पाय लांब आहे. वर्षभर मी पाय मोजतोय माझे!"

"तेही माझंच चुकलं होतं," काका म्हणाले.

 गवंडी खो-खो हसला आणि थापी खाली ठेवून बसला.

"पण माझी पिल्लं?" पहारेकऱ्याचा आवाज जरा खाली आला. "नवरा असो की बायको, खातात तर ना?"

काका कोनाड्याच्या खाली वाकले. तिथे करंगळीच्या पेराएवढ्या वाळक्या करड्या गोळ्या पडल्या होत्या. पचत नाही ते खरूची अशी गोळी करून ओकून टाकते, हेही काकूंनी मघाशी वाचलं होतं. काकांनी शर्टाच्या कॉलरमागे खोचलेली सुई काढली आणि एक गोळी विटेवर ठेवून उसवली. दुसरी उसवली. तिसरीही. आयुष्यभर लोकरीत सूत किती मिसळलंय ते ओळखणारा माणूस. केस न् केस वेगळा केला.

"हे उंदराचे. हा उंदराचा दात. ही नाकतोड्याची तंगडी, हे किड्याचं टरफल. कोंबडीच्या पिल्लाचं पीस एक जरी निघालं, तरी शिडीवर मी चढतो."

पहारेकऱ्याने स्वतः दोन गोळ्या निवडून दिल्या. त्यांतही उंदीरच. गोदामाच्या पहारेकऱ्याला उंदरांचं काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याने शिडीकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं. "म्हणजे हे दोघं बिनपगारी माझंच काम करताहेत म्हणा की," तो म्हणाला. "मग पिल्लं नेतं कोण?"

"ते मला माहीत नाही. मांजर असेल, मुंगूस असेल, खराखुरा शिक्राही असेल. यापुढे बघितल्याशिवाय कुणाचं नाव घेणार नाही. पण नेता येणार नाहीत, एवढं करतो." काकांनी गळ्यातली मोजपट्टी काढली आणि खुराड्याची लांबी-रुंदी घेतली.

कालवलेलं सिमेंट वाया जायला नको म्हणून गवंड्याने गोदामाची फुटकी पायरी नीट केली. दुपारपर्यंत काकांनी जाड जाळीचं झाकण शिवून आणलं, कडेला दुहेरी टीप, चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त. पाचही पिल्लं वाचली. ती विजारही परत आली. आखूड पायात माया होतीच. उसवली, पाय लांब झाला. वर्षभर नुसतं तेवढंच करायचं राहिलं होतं.

तीनेक आठवड्यांनी कोनाड्यातून कापसासारखी पांढरी डोकी दिसू लागली. काकू म्हणत तीन, काका म्हणत चार. पुढे पिसं फुटून ती कडेवर येऊन बसली, तेव्हा चार निघाली. सगळी तपकिरी, आईच्याच कापडातली. त्यातली पोरं कुठली नि पोरी कुठल्या, असं काकूंनी विचारलं.

"आधी पुस्तकात वाच," काका म्हणाले, "मग मी बोलतो."

खाकी कागदाची ती दोन पाखरं अजून खिळ्यावर आहेत, एकावर एक. नवं गिऱ्हाईक विचारतं, हा कसला बेत? काका तोंडात टाचण्या असल्याचं निमित्त करून आतल्या दाराकडे बोट दाखवतात. सांगायचं काम काकूंचं.