मण्यांत पाणी उतरलं

मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने मशीन लावल्यावरच येतं, नाहीतर कानाशी येऊन ओरडावं लागतं. मशीन काढलं की जग पाण्याखाली गेल्यासारखं होतं. ओठ हलतात, भांडी हलतात, सगळं लांबून, मऊ. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती यामुळेच. बाई काय विचारतात ते कळायचं नाही आणि "पुन्हा सांगा" म्हणायची लाज वाटायची. ती लाज अजून गेलेली नाही.

श्रावणात आमच्या घरात कपडेसुद्धा वाळत नाहीत. मशीनने ओल धरू नये म्हणून लेकीने मला एक डबी दिली होती. आत निळे मणी, साबुदाण्याएवढे. झोपताना मशीन त्यांच्यावर ठेवायचं. लेक रसायनशास्त्र शिकते. दगडात धातू मुरवते आणि त्याचे रंग बघते, एवढंच मला ठाऊक होतं. हे मणी तिनेच केलेले.

तेव्हाच तिला लांबच्या शहरातून बोलावणं आलं होतं, याच कामात पुढे शिकायला. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी हो म्हटलं तरच ती जाणार होती. ती विचारेल म्हणून मी वाट बघत होते.

आणि मणी गुलाबी व्हायला लागले. मला बरं वाटलं. लग्नाआधी मी पिंपळगावकडे द्राक्षबागेत कामाला जायचे. घडातल्या दाण्यालाही तिकडे मणीच म्हणतात. कडक मणी मऊ पडतो, रंग धरतो, तेव्हा म्हणायचं, मण्यात पाणी उतरलं. म्हणजे आता गोडी भरणार. डबी खिडकीशी धरली की मला बागेतला मांडव दिसायचा, पानांतून गळणारा हिरवा उजेड, आणि त्यात मी, मान वर करून उभी.

मशीन आधी खरखरलं, मग गप्प झालं. मी लेकीला सांगितलं नाही. तिच्या डोक्याला आधीच खूप व्याप होता.

संध्याकाळी मेथी निवडताना ती खाली बघूनच काहीतरी म्हणाली. ओठ दिसले नाहीत. हाच तो प्रश्न, असं धरून मी हसून मान हलवली. "हो, हो."

तिचा हात थांबला. ती हसली नाही. आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं, पण "पुन्हा सांग" हे दोन शब्द बाहेर आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने डबी उघडली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडली, "आई! हे कधीपासून गुलाबी?"

"पाणी उतरलंय मण्यांत," मी कौतुकाने म्हणाले.

ती बघतच राहिली. मग इतकी हसली की खालीच बसली. "अगं, द्राक्षं आहेत का ती? पिकत घातलीस?" मग डोळे पुसून म्हणाली, "पण बोललीस खरं. पाणीच उतरलंय. आता ते तुझ्या मशीनची ओल ओढणार कसे?"

खायच्या भांड्यात नको म्हणून तिने टाकून दिलेला तवा काढला आणि मणी भाजायला घेतले. भाजता भाजता कानाशी ओरडून सांगत होती. शेजारणीलाही समजलं असेल. दगडाला आत बारीक बारीक खोल्या असतात. वणीच्या रस्त्याला खाणीत पांढरे फुलासारखे खडे निघतात, त्याच जातीचा हा दगड. त्या खोल्यांत कोबाल्ट नावाचा धातू बसलेला. ओल आली की पाणी त्याला चहूबाजूंनी वेढतं. तापवलं की पाणी निघून जातं, मग त्याला फक्त दगडाच्या भिंतींचा शेजार.

"त्याच्या आत इलेक्ट्रॉन असतात. ते प्रकाश खाऊन वरच्या पायरीवर चढतात. शेजार बदलला की पायऱ्यांची उंची बदलते. पाण्यात असताना तो हिरवा उजेड खातो, तोही थोडासाच, म्हणून फिका गुलाबी दिसतो. कोरडा झाला की तांबडा-नारिंगी खातो, तोही भरपूर. म्हणून असा गडद निळा."

"आणि कोबाल्ट?"

"तो तोच असतो गं."

तव्यावर कडेच्या मण्यांपासून निळं येत होतं, पहाट झाल्यासारखं. मी भान हरपून बघत होते. पिंपळगावची मी, इथली मी. तीच.

मणी गार झाल्यावर मशीन डबीत ठेवलं. दुपार टळल्यावर कानात घातलं, तर आधी पंख्याचा आवाज आला, मग तिचा श्वास.

मी म्हणाले, "काल काय म्हणालीस ते पुन्हा सांग."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला एकटीला जड जाईल का, विचारलं होतं. तू हो म्हणालीस. मी उद्या त्यांना नकार कळवणार होते."

खोटं बोलावंसं वाटलं. पण ऐकू येत होतं, तेव्हा नीट उत्तर द्यायला हवं होतं.

"जड जाईल," मी म्हणाले. "तरी तू जा. जायच्या आधी मणी भाजायला शिकव मला."

आता ती तिकडे असते. रोज फोनवर आधी तेच विचारते, "आई, मणी कोणत्या रंगाचे?"

"निळे," मी सांगते.

आज जरा जांभळट होते. फोन ठेवला आणि तवा चढवला.