देगलूरला राहिलेली सीट

माझ्याकडे एक जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार आहे. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. नांदेडच्या एका जिनिंगमालकाला जहाजावर नोकरी करणाऱ्या त्याच्या मेहुण्याने ती थेट जपानहून आणून दिली होती. मालक वारल्यावर ती मागच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांआड पडून राहिली. मी लातूरला औषधांचा ठोक व्यापार करतो आणि त्या निमित्ताने नांदेड, देगलूर, निलंगा असा फिरत असतो. एका खेपेला ती मला दिसली. मालकाच्या घरच्यांना शेड मोकळं करायचं होतं. मी ती ट्रकवर चढवून लातूरला आणली. बायको दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हिला धुवायचं का पुरायचं?"

इंजिन चालू व्हायला फार त्रास पडला नाही. मला खरं झपाटलं ते दुसऱ्याच गोष्टीने. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी जशी होती, अगदी तशीच ती परत करायची, असं मनाने घेतलं. बॉनेटखाली पत्र्याच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक ठोकलेला होता. त्यावरून कळलं की वरचा लाल रंग नंतरचा; मुळात ती कच्च्या लिंबासारखी हिरवट पिवळी होती. काचेच्या कोपऱ्यात बारीक खुणा असतात, त्या जुळल्या तर काच मूळची समजायची. स्क्रूसुद्धा जपानी घाटाचे, आपल्या पेचकसाने जोर लावला की त्यांची डोकी झिजतात. मागच्या दिव्याचं झाकण परदेशातल्या एका अनोळखी माणसाने पाठवलं. खोक्यात त्याच्या मांजरीचा फोटोही होता.

अडलं ते सीटवर. ड्रायव्हरची सीट गाडीत नव्हतीच, आणि शेजारच्या सीटचा उंदरांनी नुसता सांगाडा ठेवला होता. भंगारवाल्यांकडे शोधून थकल्यावर जिनिंगच्या जुन्या वॉचमनला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ती तर एसटीच्या एका डायवरला दिली मालकीणबाईंनी. देगलूरचा हाय. कंबर गेली होती बिचाऱ्याची."

देगलूरच्या डेपोत चौकशी केली आणि घर सापडलं. त्या ड्रायव्हरच्या सुनेने दार उघडलं. आत खिडकीपाशी एक थकलेले, उंच गृहस्थ बसलेले होते. खरं सांगायचं तर मी माणसाच्या आधी सीट बघितली. काळ्या-करड्या चौकड्यांचं कापड, दोन्ही बाजूंना काळं रेग्झिन, आणि खाली वेल्डरकडून करून घेतलेला चार चाकांचा लोखंडी घोडा. वाकून पाहिलं तर सीट मागेपुढे सरकवायच्या रुळाच्या आतल्या बाजूला कारखान्याचा कागदी शिक्का अजून चिकटलेला होता. म्हणजे सीट मूळचीच.

मी येण्याचं कारण सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला.

"म्हंजी गाडी हाय अजून? मी समजायलो होतो की भंगारात गेली."

"आहे. चालूही आहे."

"मग घेऊन जावा की ही. गाडीची हाय, गाडीत गेली पायजे."

एवढ्या सहज ते म्हणतील असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, तुम्हाला बसायला चांगली खुर्ची आणून देतो, मगच नेतो. पुढच्या खेपेला लातूरच्या मोठ्या दुकानातून पाय वर होणारी, मऊ गाद्यांची आरामखुर्ची टेम्पोत घालून नेली. सुनेने आणि मी धरून बाबांना तिच्यात बसवलं.

"लई भारी," ते म्हणाले. "नवाबासारखं वाटायलंय."

सुनेने जेवायचा आग्रह केला. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. मी जेवता जेवता बाबांकडे बघत होतो. त्यांचा हात सारखा खुर्चीच्या बाजूला खाली जात होता आणि रिकामाच वर येत होता. जुन्या सीटला तिथे पाठ मागेपुढे करायचा दांडा होता. थोड्या वेळाने ते एका कुशीवर कलले. कपाळावर आठी होती, पण मी बघतोय हे दिसताच हसले.

भाकरी वाढताना सून हळूच म्हणाली, "भाऊ, मामा तुम्हाला न्हाई म्हणणार न्हाईत. पण त्यांना आडवं झोपता येत न्हाई. रात्रीबी त्या सीटवरच असतेत. तिथंच त्यांचा डोळा लागतो."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"त्यांनी डोळ्यानंच गप केलं मला."

मी हात धुतले. सीट समोरच होती, टेम्पो दारात होता. तिच्यासाठी मी किती भंगारवाल्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मन आवरायला मला वेळ लागला. ओसरीवर उगीच उभा राहिलो. मग आत जाऊन म्हणालो, "बाबा, सीट नेत नाही. फक्त एक दिवस उघडू द्या. माप घेतो."

"का? खुर्ची ब्येस हाय की!"

"तुमच्या कमरेला विचारा."

ते माझा हात धरून बसले.

नांदेडचा एक सीट शिवणारा कारागीर घेऊन मी परत गेलो. त्याने कव्हर अलगद उसवलं, कागदावर प्रत्येक तुकड्याचा नमुना काढला, आणि माझ्या सांगण्यावरून आतल्या तुटक्या स्प्रिंगा बदलून नवा फोम भरला. कापड मात्र जुनंच ठेवलं. तेवढा वेळ बाबा आरामखुर्चीत कुरकुरत होते. संध्याकाळी आपल्या जागेवर बसले, दांडा ओढला, आणि बसल्या बसल्याच घोरायला लागले. नवी खुर्ची मी सुनेसाठी ठेवून आलो.

चौकड्यांचं कापड सोलापूरच्या एका विणकराकडून नमुन्याबरहुकूम विणून घेतलं, आणि त्या कारागिराने मापांवरून माझ्या गाडीच्या दोन्ही सीट नव्याने बांधल्या. पुण्यात जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गाडी नेली, तेव्हा एका जाणकाराने आत डोकं घालून लगेच ओळखलं. "सीट ओरिजिनल नाही."

"ओरिजिनल देगलूरला आहे," मी म्हणालो.

"विकणार आहेत का?"

"नाही. वापरात आहे."

मध्यंतरी गाडी घेऊन देगलूरला गेलो. गल्ली गोळा झाली. बाबांना आत बसवायचा प्रयत्न केला, पण गाडी इतकी खाली की त्यांची कंबर वाकेना. मग त्यांनी आपली चाकाची सीट उंबऱ्यापर्यंत ढकलत आणवली आणि मला इंजिन चालू ठेवायला लावलं. डोळे मिटून ऐकत राहिले. मग सुनेला म्हणाले, "तू बस. उदगीरच्या रोडनं जाऊन या."

"मी? भाकरी टाकायच्या हायेत."

"भाकरी कुठं पळून चालल्या?"

शेजारीण बाबांजवळ बसली आणि सून पदर खोचून गाडीत बसली. गावाबाहेर गेल्यावर तिने काच पूर्ण खाली केली. परत फिरायच्या जागी मी वेग कमी केला, तेव्हा म्हणाली, "भाऊ, अजून थोडं पुढं जाता येतंय का?"

आम्ही पुढे गेलो.