देगलूरच्या शिवारातलं ड्रुइड विषुव

पितृपक्षात प्रवास करू नये असं शास्त्रात मला तरी कुठे सापडलेलं नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या शास्त्रात मात्र ते पहिल्याच पानावर आहे. तरी निघालो, कारण गौरीचा फोन आला होता.

"काका, शरद विषुव बाबांच्या शेतात करायचंय. तुम्ही येताव का?"

गौरी म्हणजे मल्लिकार्जुनची मुलगी. नांदेडच्या कॉलेजात मल्लू आणि मी एका खोलीत राहायचो. तो विज्ञानाचा, मी संस्कृतचा. भांडायला विषय कमी पडला नाही. पुढे तो इंग्लंडला गेला, आणि देगलूरकडचा हा लिंगायत गडी तिथे चक्क ड्रुइड झाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: युरोपातली जुनी निसर्गपूजा आजची माणसं नव्याने जगतात, त्यातला हा एक पंथ. वर्षात आठ सण. त्यातलाच एक शरदातला, दिवस आणि रात्र सारखी होतात तेव्हाचा. आपल्याकडे त्याला विषुव म्हणतात आणि पंचांगात छापून विसरतात. ते झाडांमध्ये गोल करून उभे राहतात, पिकाचे आभार मानतात, भाकरीचा तुकडा मातीला देतात. "म्हणजे आपला पोळाच की, फक्त बैलाशिवाय," असं मी मल्लूला कळवलं होतं. त्यावर त्याने महिनाभर फोन केला नाही.

यंदा उन्हाळ्यात मल्लू तिकडेच वारला. दवाखान्यात तपासणीआधी गळ्यातलं इष्टलिंग काढून पिशवीत ठेवलं गेलं, आणि पुढच्या गडबडीत ते पिशवीतच राहिलं. गौरीने त्याला अग्नी दिला. लिंगायताला मातीत बसवतात, तळहातावर लिंग ठेवून. इथे देहही गेला आणि लिंगही हातात नव्हतं. गावी मल्लूचे थोरले भाऊ शिवाप्पा यांनी हे ऐकलं त्या दिवसापासून गौरीशी बोलणं बंद केलं. तिला ते लिंग घरच्या समाध्यांशेजारी पुरायचं होतं. अप्पांनी बायकोकरवी, म्हणजे सुमनकाकूंकरवी, निरोप धाडला होता: "अंगच न्हाई, तर लिंग कुनाच्या हातात ठिवू?"

पहिला दिवस. नांदेडहून देगलूरला एसटीने जा. नरसीच्या फाट्यावर गाडी थांबते, तिथली सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांची, प्लेट चुकवू नका. मुरमुऱ्यांना इतकी प्रतिष्ठा अन्यत्र मिळत नाही. देगलूरला बाजारात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू एकाच वाक्यात येतात. गौरी सोबतच होती; तिने सणासाठी सफरचंदं घेतली. फळवाल्या चाचांनी तिचं बोलणं ऐकून विचारलं, "बेटी, कौनसे गाव की? बोली तो हमारीच दिसती." तिची मराठी बापाकडून शिकलेली, त्यामुळे गोऱ्या उच्चारात "लई" आणि "हाव" येतं. पुढे उदगीर रस्त्याने काळी-पिवळी मिळते, पण ती भरेपर्यंत निघत नाही, आणि भरली असं चालकाला कधी वाटतच नाही. दुपार हाताशी ठेवा.

गावी पोचल्यावर सुमनकाकूंनी तूरवरण, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. अप्पा ओसरीवर पाठ करून जेवले.

मी काकूंना म्हणालो, "पितृपक्षात आलोय, तुम्हाला अडचण तर नाही ना?"

"आमच्यात पितरं-बितरं न्हाईत, गुरुजी. अप्पा तर भुताला हसतेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पर उन्हाळ्यापासून सांजच्याला समाधीकडून हाक येती. 'शिव्या!' म्हणून. एकदाच. अप्पांना शिव्या म्हणनारा एकच हुता."

"कुणी गुराखी असेल."

"हाव. म्हनूनच अप्पा वळून बघत न्हाईत."

एकदाच आलेल्या हाकेला या भागात कुणी ओ देत नाही. जिवंत माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलावतो. दुसरं कुणी एकदाच. ज्याने ओ दिली त्याला ते घेऊन जातं. मी मनातल्या मनात याची व्युत्पत्ती शोधत झोपलो. झोप लागली असं नाही.

दुसरा दिवस विषुवाचा. शेत गावापासून चालत जाण्यासारखं आहे. चिखल असतो, बूट नकोत. कमरेइतकी तूर, पिवळं पडत चाललेलं सोयाबीन, पश्चिमेच्या बांधावर बाभळीखाली चार समाध्या. गौरीने काठीने गोल आखला. मधोमध सफरचंदं, हायब्रीड ज्वारीची कणसं, काकूंची भाकरी; पश्चिमेला पाण्याचा तांब्या. ड्रुइडांची पश्चिम पाण्याची, आपली वरुणाची. सासरच्या गावी माहेरचं कुणी भेटावं तसं मला झालं. काकू गोलात आल्या, "पोरीला एकटं कसं ठिवावं" म्हणत. अप्पा दूर पूर्वेच्या बांधावर, काठी टेकून.

सूर्य अगदी नाकासमोर उतरत होता. विषुवाला तो बरोब्बर पश्चिमेला मावळतो, त्यामुळे समाध्यांच्या सावल्या सरळ आमच्या गोलाकडे येत होत्या. पाखरं गप्प झाली होती. वारा नव्हता, तरी समाधीजवळच्या तुरीची एकच ओळ हलत होती.

या विधीत प्रत्येक दिशेला विचारतात आणि गोलातल्यांनी उत्तर द्यायचं असतं.

"पूर्वेला शांती हाय का?" गौरीने विचारलं.

"हाय," मी आणि काकू म्हणालो. काकू लाजल्या.

"दक्षिणेला शांती हाय का?"

"हाय."

ती पश्चिमेकडे वळली. "पश्चिमेला शांती हाय का?"

आम्ही तोंड उघडायच्या आत तुरीतून आवाज आला.

"शिव्या!"

मी तो आवाज चार वर्षं एका खोलीत ऐकला होता. वादात हरायला लागला की तो असाच वरच्या पट्टीत जायचा.

गौरीला बिचारीला काय ठाऊक? विधीत उत्तर द्यायचं असतं एवढंच तिला शिकवलेलं. ती उत्साहाने ओरडली, "ओ!"

काकूंनी तिचं तोंड दाबलं, पण ओ निघून गेली होती. तुरीची ओळ थांबली.

"काय चुकलं माझं?" गौरी कुजबुजली.

बांधावरून अप्पा धावत आले. त्या वयाचा माणूस ढेकळांतून इतक्या वेगाने येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. गोलात शिरून त्यांनी गौरीला मागे ढकललं आणि पश्चिमेकडे तोंड करून छाती फाटेल असे ओरडले:

"ओ! तिनं न्हाई दिली, म्या दिली! शिव्या म्या हाय, मल्लू! येतो म्या. थांब!"

 सूर्य गेला. मग अप्पा गौरीकडे पाहून, उन्हाळ्यानंतर प्रथमच, म्हणाले, "लिंग कुठं हाय, पोरी?"

काकूंनी घरून कंदील आणि फावडं आणलं. अप्पांनी गौरीच्या आजोबांच्या समाधीशेजारी खणलं. काळ्या मातीत तांब्यातलं पाणी ओतून ती तिंबली आणि पोळ्याला बैल करतात तशा सराईत बोटांनी माणूस केला: मांडी घातलेला, डावा तळहात उघडा. देह नसेल तर पळसपानांचा पुतळा करून संस्कार करावा, हे मी ग्रंथात वाचलेलं. अप्पांनी काही वाचलेलं नव्हतं. गौरीने लिंग त्या ओल्या तळहातावर ठेवलं. अप्पांनी मातीची बोटं मिटवली.

पुतळ्याचा उजवा खांदा थोडा उतरलेला होता. मल्लूचा होता तसा.

मातीत भाकरी आणि सफरचंदाचा तुकडाही टाकला. "ह्ये तुमच्यातलं," अप्पा म्हणाले, "आमाला चालतंय."

तिसऱ्या दिवशी उदगीरमार्गे लातूर गाठलं. बस दर तासाला असते, रस्ता बरा आहे. गौरीची गाडी लातूरहून होती. फलाटावर ती म्हणाली, "अप्पांनी पुढच्या वर्षी बोलावलंय. उत्तरेला विचारायचं राहिलं म्हणाले." मी हसलो. ती हसली नाही. "काका, खड्डा एवढा मोठा कशाला खणला?"

 घरी आल्यावर काकूंना फोन केला. अप्पा ठणठणीत आहेत, दोन भाकरी खातात, हरभऱ्याचं बियाणं बघून राहिलेत. हाक बंद झाली. मल्लूच्या बाजूचा अर्धा खड्डा मात्र त्यांनी बुजवू दिला नाही. काकू रडल्या तर म्हणाले, "येतो म्हनलोय त्याला."

तेव्हा कुणी त्या शिवारात गेलात तर अवश्य जा, शरदातला उजेड तिथे फार सुंदर पडतो. फक्त सांज झाल्यावर पश्चिमेच्या बांधाकडे जपून चाला. बाभळीखाली खड्डा आहे. वर काटे पसरलेत, पण अंधारात दिसत नाहीत.