नलूताईंची काचपट्टी

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात नलूताईंसाठी कंजी, म्हणजे भाताची पेज, गाळत होते. शेवटी शेवटी त्यांना दुसरं काही पचेनासं झालं होतं, आणि हॉस्पिटलातली कंजी म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. हे तिकडेच होते. "घाई करू नकोस," एवढंच म्हणाले. घाई करू नकोस म्हटल्यावर आणखी काय सांगायचं राहतं? गॅस बंद केला आणि ते भांडं हातात धरून किती वेळ तशीच उभी होते, कोण जाणे… नलूताई माझी नणंद, यांची थोरली बहीण. धातुशास्त्राची इंजिनिअर. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहिल्या. सासरे रेल्वेच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून मद्रासला आले आणि इथलेच झाले; मी साताऱ्याहून लग्न होऊन आले आणि अजून पुरती इथली झालेली नाही. नलूताई मात्र इथल्याच. मराठी बोलतानाही दर दोन वाक्यांमागे एक "अय्यो" यायचा.

तेरावं आटोपल्यावर त्यांच्या कारखान्याने शोकसभा ठेवली. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणारा मोठा कारखाना आहे, तिथे. आम्हाला आणायला गाडी पाठवली. फोटोला चंदनाचा हार, समोर कुत्तुविळक्कु, म्हणजे आपली उभी समई. आणि कारखान्याचे मोठे साहेब माइकपुढे उभे राहून इंग्रजीत सांगत होते, नलिनी मॅडमची क्युरिऑसिटी ही आमच्यासाठी देणगी होती, प्रत्येक मुलीने ती घ्यावी. क्युरिऑसिटी हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की मी बोटांवर मोजायला लागले. याच माणसाने त्यांना मायक्रोस्कोपच्या खोलीतून बाहेर काढलं होतं. मी उठणार होते, पण यांनी माझा हात दाबून धरला. वरातीमागून घोडं म्हणतात ते ठीक, पण वरात ज्याने अडवली त्यानेच घोडं नाचवावं? तिथे मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझी आणि नलूताईंची खरी ओळख एका तुटलेल्या तव्यामुळे झाली. लग्नाला महिना झाला नसेल. आमच्या घरी दोशांचा जाड बिडाचा तवा होता, सासूबाई त्याला देवासारखं जपायच्या. मी तो चुलीवरून उतरवताना हातातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. नव्या सुनेच्या हातून तवा तुटला! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "हिच्या पायगुणानं आता काय काय होतंय बघा," असं त्या शेजारच्या मामींना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाल्या. मी रडवेली होऊन खाली बसले आणि दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना लावून बघायला लागले. माणूस दुसरं काय करतं? तेवढ्यात मागून ओरडण्याचा आवाज आला, "जोडू नकोस! सुनंदा, आधी खाली ठेव ते!"

मला वाटलं, आता हिचीही बोलणी खायची. पण नलूताईंनी तुकडे अलगद उचलले आणि खिडकीशी नेऊन भिंगातून बघितले. मग सासूबाईंनाच बोलावलं. "आई, हे काळं दिसतंय ना, तेल मुरलेलं? इथं जुनी चीर आहे. किती वर्षं तेल पितेय, देव जाणे. नवीन तुटलंय ते एवढंच, ही चकचकीत कड. तवा केव्हाचा तुटत होता, हिच्या हातात फक्त पूर्ण तुटला." पायगुणाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. नंतर नलूताईंनी मला समजावलं की तुटलेली वस्तू हातात आली की सगळेजण पहिल्यांदा तेच करतात, तुकडे जुळवून बघतात. त्यात तुटलेला पृष्ठभाग घासला जातो आणि कुठून तुटलं, कसं तुटलं, याचा पुरावा पुसला जातो. नाहीतर स्वच्छ धुऊन आणतात, कौतुकाने. "तुटलेलं बोलत असतं गं, आणि लोक आधी त्याचं तोंड दाबतात," त्या म्हणाल्या. मी त्या दिवसापासून त्यांची झाले.

कॉलेजात धातुशास्त्राला त्या एकट्याच मुलगी. ओतशाळेच्या प्रात्यक्षिकाला मास्तर म्हणाले, "अम्मा, तू लांब उभी राहा, साडी पेटेल." दुसऱ्या दिवशी त्या भावाची पँट घालून गेल्या. ती पँट आमच्या यांची. हे अजून सांगतात की त्या वर्षी त्यांनी दिवाळी फाटक्या पँटीत काढली. पुढे गिंडीतल्या एका लहानशा कारखान्यात नोकरी मिळाली, तिथे बायकांसाठी संडासच नव्हता. मालकाला विचारलं तर तो हसून म्हणाला, इथे बाई येईल असं कोणाला वाटलं होतं? त्या सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाणी प्यायच्या नाहीत. मद्रासच्या उन्हाळ्यात, भट्टीशेजारी! पण घरी आल्यावर तक्रारीचा शब्द नाही. पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा करून सांगायला बसायच्या, आज एक गिअर आला होता, त्याचा दात असा तुटला होता, पण गंमत अशी की… गंमत! मला ती गंमत कळायची नाही, पण त्यांचा चेहरा बघत बसावंसं वाटायचं. हल्ली व्यासपीठांवरून मुलींना सांगतात की मनात कुतूहल असलं की वाट सापडते. सापडते ना. आधी तहान मारायला शिका, म्हणजे सापडते.

इरुंगाट्टुकोट्टैला मोठे कारखाने आले तेव्हा त्यांना तिथे बोलावणं आलं. रिकाम्या खोलीपासून त्यांनी तिथली प्रयोगशाळा उभी केली. कुठे काही तुटलं की ते त्यांच्या टेबलावर यायचं, आणि नलिनी मॅडम म्हणतील ते शेवटचं. त्यांचे ते दिवस खरे सुखाचे. आणि मग ते बोल्ट आले. सुनामीच्या आगेमागेची गोष्ट. नलूताईंच्या कारखान्यातून गेलेले बोल्ट गिऱ्हाइकाकडे नुसते आवळून ठेवलेले असताना, गाडी जागची हललीही नसताना, तुटत होते. साहेबांना वाटत होतं की पोलाद पुरवणाऱ्याचा दोष निघावा. नलूताईंनी मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि दोष घरचाच निघाला. मला त्यांनी समजेल असं सांगितलं होतं: बोल्टवर मुलामा चढवताना लोखंडात वायू शिरतो, तो काढायला लगेच भट्टीत तासन्‌तास भाजावं लागतं. माल लवकर धाडायचा म्हणून हे लोक भाजणं आखडतं घेत होते. "वरून बोल्ट झकास दिसतो, आणि मग एक दिवस बसल्या जागी तुटतो. स्टीअरिंगमध्ये बसणार होते गं ते," त्या म्हणाल्या. साहेबांनी निष्कर्ष जरा सौम्य लिहायला सांगितला. या म्हणाल्या, "तुम्हीच येऊन बघा. मला दिसतं ते तुम्हालाही दिसेल." कोणी आलं नाही.

मग त्यांना बढती मिळाली. हो, बढतीच! प्रशिक्षण विभाग, वरच्या मजल्यावर थंडगार खोली, नवा कॉम्प्युटर. प्रयोगशाळा त्यांनीच शिकवलेल्या एका गृहस्थाकडे गेली आणि त्याला वरून ताकीद होती की मॅडमना आता या कामाचा त्रास द्यायचा नाही. एकदा त्या सहज खाली गेल्या, त्याच्या टेबलावर कसलातरी तुटलेला तुकडा होता. "जरा बघू?" असं त्यांनी विचारलं, तर तो बिचारा दारात आडवा उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, प्लीज." हे सांगताना त्या हसल्या होत्या. मी शिव्या दिल्या, अगदी अस्सल साताऱ्याच्या. पण त्या म्हणाल्या, "त्याला दोन मुलं आहेत, सुनंदा." आणि दर मार्चमध्ये महिला दिनाला याच नलिनी मॅडमना रेशमी साडी नेसवून व्यासपीठावर बसवायचे. विषय ठरलेला, स्त्रिया आणि विज्ञान. ज्या बाईला तुकडा बघायची परवानगी नाही, तिनं मुलींना सांगायचं, मुलींनो, बघत राहा! पहिल्या वर्षी त्या बोलल्या. पुढच्या वर्षांपासून घसा बसल्याचं सांगायला लागल्या.

गेल्या वर्षी पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, गाठ निघाली, तिचा इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यांच्या हातात आला आणि यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं की ताईला सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं. आपल्याकडे असंच करतात म्हणे, माणूस खचतं. मी म्हटलं, "अहो, त्यांनी जन्मभर दुसरं काय केलं? काय तुटलं आणि का तुटलं तेच बघितलं ना? त्यांनाच आंधळं ठेवायचं?" हे माझ्यावर खेकसले, "ते लोखंड होतं. ही माझी बहीण आहे." यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण प्रेमानेसुद्धा माणसाला दारात अडवता येतं. नलूताईंनी जेवताना सहज विचारलं, "माधव, रिपोर्ट कुठे ठेवलास?" तर हे भाताकडे बघत म्हणाले, "डॉक्टरांकडे आहे. तुला कशाला ती उठाठेव?" नलूताईंनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही. दुसऱ्या दिवशी हे बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "सुनंदा, ऑटो बोलाव."

पॅथॉलॉजीच्या त्या लॅबमध्ये एक तरुण डॉक्टर होती, केसांत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळलेली. नलूताईंनी पावतीवरचा नंबर सांगितला आणि म्हणाल्या, "ओरु तडवै पाक्कलामा?" एकदा बघू शकते का. डॉक्टर गोंधळली, असं कोणी विचारत नाही. नलूताईंनी सांगितलं की माझंही आयुष्य मायक्रोस्कोपवरच गेलंय, फक्त मी लोखंड बघते. ती हसली. गाठीच्या तुकड्याची काचपट्टी, म्हणजे स्लाइड, शोधून आणली, खुर्ची दिली. नलूताई बसल्या, चष्मा काढून ठेवला, बोटं आपसूक मायक्रोस्कोपच्या चक्रीवर गेली. किती वर्षांनी गेली असतील! मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, ती आधी ताठ होती, हळूहळू सैल झाली. मग प्रश्न सुरू झाले. हे गडद कशामुळे? या रांगा अशा मोडल्यात, त्या नीट असत्या तर कशा दिसल्या असत्या? डॉक्टरही रंगून गेली, शेजारची दुसरी, निरोगी माणसाची काचपट्टी काढून तुलना करून दाखवायला लागली. दोघींचं तमिळ-इंग्रजी असं झरझर चाललं होतं की मला अर्धंच कळत होतं. गिंडीहून परत आल्यावर तांब्याभर पाणी पिऊन बोलायच्या ना, तो आवाज होता. शेवटी डॉक्टरने विचारलं, "हे पेशंट तुमचे कोण?"

"नानेदान," नलूताई म्हणाल्या. मीच.

त्या मुलीच्या हातातलं पेन खाली पडलं. तिचे डोळे भरून आले, तर नलूताईंनीच तिची पाठ थोपटली. "किती छान शिकवलंस गं," म्हणाल्या. येताना आम्ही रस्त्याकडेच्या दुकानात कॉफी प्यायलो. माझी कॉफी तशीच निवली. त्या मात्र सावकाश पीत होत्या. "पसरलंय बरंच," त्या म्हणाल्या. "पण सुरुवात कुठून झाली ते त्यात दिसत नाही. तेवढं कळायला हवं होतं." एवढीच त्यांची तक्रार. मग म्हणाल्या, "माधवला रागावू नको देऊ तुझ्यावर. सांग, मीच ओढून नेलं."

त्याचा काही उपयोग झाला नाही. हे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या गेल्यावर गावाकडच्या नातेवाइकांचे फोन यायला लागले, उचलली जीभ लावली टाळ्याला: तू नेलंस म्हणून ती खचली, नाहीतर अजून दोन वर्षं काढली असती. कुठे खचल्या? डॉक्टरांना पुढच्या प्रत्येक औषधाचं कारण विचारत होत्या, त्यांना घाम फुटायचा. मला एकही दिवस पश्चात्ताप झालेला नाही. ज्यांनी त्यांना बघू दिलं नाही, त्यांचीच नावं शोकसभेच्या पत्रिकेवर छापली होती. त्या गजरेवाल्या डॉक्टरचं नाव कुठेच नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून ती काचपट्टी मागे हॉस्पिटलने आमच्याकडे दिली होती. प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत. अस्थी समुद्रात सोडून झाल्यावर परवा कपाट आवरताना ती सापडली. हे म्हणाले, "हेही तिचंच ना? समुद्रात सोडून टाक, घरात ठेवू नये." मी नाही म्हटलं. घरात नलूताईंचं एवढंच अंग उरलंय, आणि ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. काल दुपारी मी ती काचपट्टी काढून खिडकीत उन्हाला धरली. नखाएवढा जांभळट डाग, बाकी काही नाही. मला काय कळणार त्यातलं? तरी धरून उभी राहिले… हे केव्हा मागे येऊन उभे राहिले समजलं नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "काय दिसतं गं त्यात?"

"आता विचारताय?" मी म्हटलं, आणि काचपट्टी डबीत ठेवून दिली.