कुंताबाईची मैना

आमच्या कुरखेड्यात माह्या शेजारणीले, कुंताबाईले, कोणी नावानं हाक मारत नाई. सारे 'घोडीवाली' म्हणतात. गावोगावच्या नवरदेवाले तिचीच घोडी, मैना, लागे. लगाम धरून वरातीपुढं कुंताबाई स्वतः चाले, अन् बँडवाल्यानं घोडीच्या कानापाशी ढोल बडवला का त्याले अशी शिवी हासडे, का वरचा नवरदेवही दचके!

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. ऐन लगीनसराईत मैना लंगडली. समोरचा उजवा पाय टेकेच ना! कुंताबाईचा नवरा डोमाभाऊ म्हणे, "खांदा उतरला." हळद-चुना लावून झाला, फरक नाई. मग त्यानं ठरवूनच टाकलं: पोचू नालबंद डाग देईल, त्यानंही नाई जमलं तं घोडी जंगलात सोडून द्यायची. जंगलात म्हणजे वाघाच्या तोंडात, हे काय सांगाले पाह्यजे?

पोचूचा सारा जन्म बैलांत गेला. बैल लंगडला का आमच्याकडं खांद्यालेच डाग देतात. सळई लाल झाली, अन् कुंताबाई मधात उभी राह्यली. "माह्या मैनेले हात लावशील तं तुलेच डागीन!"

मले तं हसू फुटलं, पण बाई रडून राह्यली होती. ती खाली बसली, घोडीचा एकेक खूर चाचपला अन् ओरडली, "पोचूभाऊ, पाहा गा! बाकीचे थंडे, हा एकच तापला हाये! दुखणं खांद्यात नाई, खुरात हाये!"

पोचूनं दोर मागितला. बैलाले पाडूनच नाल ठोकतात ना! "पाडू नोको, तंगडी मोडून घेईल," म्हणत कुंताबाईनं वाकून तो पाय आपल्या मांडीवर घेतला. पोचू हातोडीनं तळवा ठोकत गेला. एका जागी मैना अशी थरथरली! तिथंच त्यानं सुरीनं जरासं कोरलं, अन् बाप्पा रे! काळ्या पुवाची चिळकांडी थेट त्याच्या मिशीवर! काय तो घाण वास! डोमाभाऊ नाक दाबून पळाला, आमी साऱ्या बाया टाळ्या पिटून राह्यलो.

मिठाच्या गरम पाण्यात खूर शेकला, कडुनिंबाचा पाला वाटून बांधला, वरून गोणपाट. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव आंगणात. "टेक वं माय, टेक," कुंताबाई म्हणे. मैनेनं खूर टेकला, उचलला, पुन्हा टेकला, अन् भार देऊन चालतच सुटली! जीव असा हरखला का काय सांगू!

डोमाभाऊ हसत हसत घोडीच्या पाठीवर हात फिरवाले आला. कुंताबाईनं त्याचा हात झटकला.

"घोडी राह्यते घरी. आता जंगलात तू जाय!"