अर्जाचा माग

कुठे विडीच्या तंबाखूचा वास आला, की कॉलेजांचे ऑनलाइन अर्ज हाताळणाऱ्या सोलापूरच्या आमच्या ऑफिसात आलेली ती बाई आठवते. ती कुंभारीला विड्या वळायची. मुलीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरला गेला असं मोबाइलवर दिसलं होतं, पण तो कॉलेजात पोचलाच नव्हता. कॉलेजने तिला आमच्याकडे धाडलं, कारण सगळे अर्ज आधी आमच्या गेटवे सर्व्हरवर येऊन पुढच्या चार सर्व्हरमार्फत कॉलेजात जायचे. वाटेत अर्ज हरवतात म्हणून नेमकं त्या दुपारी मी गेटवेवर ट्रेसिंग बसवत होतो. आत येणाऱ्या प्रत्येक अर्जाला क्रमांक द्यायचा, म्हणजे तो कुठे अडला ते कळतं. "मग माज्या पोरीचा कुटं अडलाय ते बगा की," ती म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, आजपासूनचेच दिसतील. आधीच्या अर्जांना क्रमांकच नव्हता." ती म्हणाली, "मुदत तर कालच संपली. पोरगी म्हणती, आई, माजंच कायतरी चुकलं आसंल." जाताना तिने सांगितलेला फोन नंबर मी वहीत लिहून घेतला. दोन दिवसांनी ट्रेसमध्ये दिसलं, की अर्जासोबतचा फोटो मोठा असला तर आमचा तिसरा सर्व्हर तो अर्ज काही न कळवता टाकून देत होता. साहेब म्हणाले, "दुरुस्त कर, पण बाहेर बोलू नकोस." मी दुरुस्त केलं. त्या मुलीचा अर्जही असाच गेला असणार. चूक तुझी नव्हती, एवढं त्या मुलीला सांगायला एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. ती अजूनही स्वतःलाच दोष देत असेल, असं मला आज वाटत राहतं.