गोरक्षणातली सुई

राजमती रोज सकाळी पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळते आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव परत विहिरीत सोडते. कारंज्याला सासरी आल्यापासून हा नेम चुकलेला नाही. म्हणूनच लेकीनं, खुशबूनं, फोनवर संशोधनाचा विषय सांगितला तेव्हा तिनं तो पुन्हा एकदा नीट सांगायला लावला.

बैलाच्या रक्तात राहणारा एकपेशी परजीवी. त्याला नळीत ठेवून उष्णता वाढवायची. पेशीत प्रथिनं बनवायला सांगणारे आरएनएचे निरोप आधी कच्चे असतात, कापून-जोडून ते कामाचे होतात. उष्णता फार चढली की ही कापाजोड जवळजवळ ठप्प होते. मात्र उष्णतेपासून वाचवणाऱ्या प्रथिनाचा निरोप तशातही तयार होत राहतो.

"तो एकटाच निरोप कसा तयार होतो, तेच शोधायचं आहे, आई. तो अडवता आला तर परजीवी मरेल आणि बैलांच्या सर्रा रोगावर कदाचित नवं औषध निघेल. आज दुपारपर्यंत होकार कळवायचा आहे."

सासऱ्यांनी, पन्नालालजींनी, स्पीकरवर सगळं ऐकलं होतं.

"आपल्या घरची पोरगी जीव भाजून राह्यली? मंदिरात कोणत्या तोंडानं जाऊ मी? नाही म्हण तिले!"

राजमती बी.एस्सी. झालेली, पण त्यांच्यापुढे तिनं कधी आवाज चढवला नव्हता. आज ओलं फडकं हातात तसंच धरून ती बोलली.

"मामाजी, गोरक्षणाच्या गोठ्यातला ढवळ्या बैल गोल गोल फिरे, आठवते? सर्रा झाला म्हणून डॉक्टरले कोणी बोलावलं?"

"म्याच. मंग?"

"सुई देल्ली, ढवळ्या वाचला. त्या सुईनं रक्तातलं काय मेलं?"

पन्नालालजी खाकरले. "ते बैलासाठी होतं."

"हेही बैलासाठीच आहे. तुमी केलं ते पुण्य, अन् माही पोरगी करते ते पाप? काहून?"

"लय बोलाले लागली तू!"

"आतापर्यंत बोलली नोती, म्हणून लय वाटते. पाप असंन तर मले लागू द्या. तिले अडवू नका."

ती विहिरीवर गेली, फडक्यातले जीव पाण्यात हळूच सोडले, मगच फडकं पिळलं. आत येऊन सासऱ्यांच्या देखतच तिनं फोन लावला.

"खुशबू, होकार कळवून टाक."

"आजोबा काय म्हणाले?"

"नाहीच म्हणून राह्यले. इथंच उभे आहेत."

पन्नालालजी दाराकडे वळले, तिथंच थांबले आणि मागे न बघता गुरगुरले,

"तिथं पाणी तरी गाळून पी म्हणा तिले."